अस्थिकलश : मुक्कामाचा आणि प्रवासाचा

अंत्यसंस्कारानंतर तिसऱ्या दिवशी स्मशानात जाऊन राख सावडायची, वेचलेल्या अस्थी मातीच्या गाडग्यात ठेवून त्याचे तोंड फडक्याने बांधायचे आणि ते गाडगे घरात न आणता शक्य तितक्या लवकर नदीपर्यंत पोचवायचे, ही महाराष्ट्रातील बहुसंख्य हिंदू कुटुंबांची रीत आहे. विसर्जनाला विलंब होणार असेल तर ते गाडगे स्मशानातील झाडाला टांगले जाते किंवा तिथल्या कपाटात कुलूपबंद होते. या कलशाला मुक्काम नाही. तो प्रवासाचे भांडे आहे. याउलट युरोप-अमेरिकेत अस्थिकलश हे मृताचे अखेरचे निवासस्थान मानले जाते. तो संगमरवराचा किंवा काशाचा असतो, त्यावर नाव कोरलेले असते आणि दफनभूमीतील कोनाड्यात किंवा घरातील फळीवर तो वर्षानुवर्षे राहतो.

पौर्वात्य आणि पाश्चात्त्य असा हा सरळ भेद असल्याचा समज सर्वत्र आढळतो. तो पुराव्यांवर टिकत नाही. मुक्कामाचा कलश भारतात किमान साडेतीन हजार वर्षे जुना आहे आणि ज्या वैदिक परंपरेचा हवाला अस्थिविसर्जनासाठी दिला जातो, त्या परंपरेच्या सूत्रग्रंथांत कलश नदीत सोडण्याऐवजी जमिनीत पुरण्याचा विधी सांगितलेला आहे. नोकरीनिमित्त मुले परदेशी आणि आईवडील पुण्या-मुंबईत, अशी कुटुंबे वाढत असताना कलशाचे पुढे काय करायचे हा प्रश्न अनेक घरांत प्रत्यक्ष उभा राहतो. त्याचे उत्तर शोधताना या प्रथेचा इतिहास ठाऊक असणे उपयोगाचे ठरेल.

कलशात नेमके काय असते?

मराठीत राख, रक्षा आणि अस्थी हे तीन शब्द अनेकदा एकाच अर्थाने वापरले जातात. वस्तुतः लाकडाच्या चितेनंतर उरणाऱ्या राशीत मोठा वाटा लाकडाच्या राखेचा असतो. एका चितेला साधारणपणे ३०० ते ४०० किलो लाकूड लागते. देहातील मऊ भाग व पाणी पूर्णपणे नाहीसे होते. हाडांतील सेंद्रिय द्रव्य जळते आणि मागे राहतो तो मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटचा पांढरट, ठिसूळ सांगाडा. विद्युत किंवा गॅस दाहिनीत साधारण ८०० ते १००० अंश सेल्सिअस तापमानात दीड-दोन तासांत हीच क्रिया घडते. तेथे लाकडाची राख नसल्याने हाती येते ते केवळ अस्थींचे अवशेष. प्रौढ व्यक्तीच्या बाबतीत त्यांचे वजन दोन ते तीन किलो भरते.

पाश्चात्त्य देशांत हे तुकडे यंत्रात दळून त्यांची भुकटी केली जाते आणि ती संपूर्ण कुटुंबाकडे सोपवली जाते. त्यामुळे तेथील कलश सुमारे तीन लिटर मापाचा असतो. आपल्याकडे दळण्याची पद्धत नाही. निवडक तुकडे वेचून ते गाडग्यात ठेवतात आणि उरलेली रक्षा पाण्यात सोडतात. म्हणूनच आपला कलश लहान असतो आणि त्यात राख कमी, अस्थी अधिक असतात.

इनामगावचे रांजण

महाराष्ट्रातील कलशांचा इतिहास अग्नीपासून नव्हे तर मातीपासून सुरू होतो. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या या कामातून इ. स. पूर्व १६०० ते ७०० या दरम्यानच्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचे गाव उजेडात आले. या गावात दफने गावाबाहेर होत नसत. ती घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात होत.

दगावलेल्या अर्भकांसाठी वापरलेली पद्धत विशेष लक्षात राहण्यासारखी आहे. दोन मोठी मडकी आडवी ठेवून त्यांची तोंडे एकमेकांना भिडवली जात आणि मूल त्या पोकळीत ठेवले जात असे. सोबत लहान भांडी ठेवलेली आढळतात. भिडवलेल्या मडक्यांचा हा आकार गर्भाशयाचे प्रतीक असावा, असे मत अभ्यासकांनी मांडले आहे. प्रौढांना मात्र खड्ड्यात उताणे निजवून पुरत आणि त्यांची पावले घोट्याखाली तोडलेली असत. याच गावात पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात चार पायांचा, कच्च्या मातीचा एक मोठा रांजण मिळाला. त्यात बसलेल्या अवस्थेतील प्रौढ पुरुषाचा सांगाडा होता आणि त्याची पावले तोडलेली नव्हती. घराचा आकार व दफनाचे वेगळेपण पाहता हा गावचा प्रमुख असावा, असा निष्कर्ष काढण्यात आला. नेवासे आणि दायमाबाद येथील उत्खननांतही मडक्यांतील बालदफने आढळली. गोदावरी, प्रवरा आणि घोड नद्यांच्या खोऱ्यांत ही रीत एकेकाळी सर्वत्र रूढ होती, हे त्यावरून दिसते.

भारताच्या इतर भागांतही कलशदफनाचे पुरावे विपुल आहेत. हडप्पा येथील 'एच' दफनभूमीत मोरांची चित्रे असलेल्या रांजणांत कवट्या व हाडे ठेवलेली होती. तमिळनाडूत ताम्रपर्णी नदीकाठच्या आदिचनल्लूर येथे अलेक्झांडर री यांनी १८९९ ते १९०५ या काळात उत्खनन केले. तेथेच २००४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने पुन्हा काम केले तेव्हा दीडशेहून अधिक दफनकलश मिळाले. आजच्या पाकिस्तानातील स्वात खोऱ्याच्या दफनभूमींत दहनानंतरच्या अस्थी ठेवलेले कलश सापडले असून त्यांतील काहींवर मानवी चेहरा कोरलेला आहे. दफन आणि दहन या दोन्ही पद्धती एकाच समाजात शेजारी शेजारी नांदत होत्या, असे यावरून म्हणता येते.

सूत्रग्रंथांतील कुंभ

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अंत्यविधीविषयक सूक्तांत अग्नीने दग्ध झालेले आणि दग्ध न झालेले अशा दोन्ही प्रकारच्या पितरांचा उल्लेख येतो. त्याच मंडलात मृताला भूमीच्या स्वाधीन करणारे सूक्तही आहे. पुढे दहन हा मुख्य संस्कार झाला आणि अस्थिसंचयनाचा तपशीलवार विधी गृह्यसूत्रांत आला.

आश्वलायन गृह्यसूत्रानुसार अस्थी वेचण्यापूर्वी शमीच्या फांदीने दूध आणि पाणी शिंपडावे. मग अंगठा आणि अनामिका या दोनच बोटांनी एकेक अस्थी उचलावी. आवाज होऊ देऊ नये. सुरुवात पायांपासून करावी आणि शेवट डोक्याशी करावा. पुरुषाच्या अस्थी कुंभात आणि स्त्रीच्या अस्थी कुंभीत ठेवाव्यात. त्यानंतर हा कलश जेथे इतर ठिकाणचे पाणी वाहून येत नाही अशा जागी खड्ड्यात ठेवून, माती टाकून झाकावा. नदीचा उल्लेख येथे नाही. पाणी टाळण्याचीच काळजी घेतलेली दिसते. शतपथ ब्राह्मणात तर अस्थींवर उभारायच्या मातीच्या ढिगाऱ्याचा आकार कसा असावा याची चर्चा असून चौकोनी आणि वर्तुळाकार असे दोन प्रकार दोन वेगळ्या लोकसमूहांचे म्हणून सांगितले आहेत.

गंगेत अस्थी सोडल्याने मृताला सद्गती मिळते, ही श्रद्धा महाकाव्ये व पुराणांच्या काळात दृढ झाली. सगराच्या साठ हजार पुत्रांची राख गंगेच्या स्पर्शाने पावन झाली, ही भगीरथाची कथा तिचा आधार ठरली. पुढे प्रयाग, काशी, हरिद्वार ही तीर्थे अस्थिविसर्जनासाठी प्रसिद्ध झाली. महाराष्ट्रात नाशिकच्या रामकुंडातील अस्थिविलय तीर्थाला तोच मान मिळाला. भारतरत्न महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात अंत्येष्टीच्या विधींची सूत्रकाळापासूनची स्थित्यंतरे सविस्तर नोंदवली आहेत. प्रथा बदलत आल्या, शाखाशाखांत मतभेद राहिले आणि एकच एक 'मूळ पद्धत' दाखवता येत नाही, ही गोष्ट त्यातून स्पष्ट होते.

दहनालाही अपवाद होते आणि आजही आहेत. दोन वर्षांखालील मुलांना पुरावे, असे स्मृती सांगतात. संन्याशांना समाधी दिली जाते. लिंगायत, गोसावी, महानुभाव या पंथांत दफनाची परंपरा आहे.

द्रोणाने मागितलेले भांडे

भारतात मुक्कामाच्या कलशाला सर्वाधिक प्रतिष्ठा मिळाली ती बौद्ध परंपरेत. महापरिनिब्बान सुत्तानुसार गौतम बुद्धांच्या दहनानंतर अस्थींवर हक्क सांगण्यासाठी अनेक गणराज्ये व राजे पुढे आले. संघर्ष टाळण्यासाठी द्रोण नावाच्या ब्राह्मणाने अस्थींचे आठ समान भाग केले. मोबदला म्हणून त्याने ज्या भांड्याने वाटणी केली ते भांडेच मागून घेतले आणि त्यावर स्तूप उभारला. उशिरा पोचलेल्या पिप्पलिवनाच्या मौर्यांना कोळसे मिळाले. त्यांनी त्यांवरही स्तूप बांधला. अशा रीतीने आठ अस्थींचे, एक कलशाचा आणि एक कोळशांचा असे दहा स्तूप झाले.

मुंबईजवळच्या नालासोपारा येथील स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये उघडला. आत दगडी पेटी होती आणि तिच्यात तांबे, चांदी, दगड, स्फटिक आणि सोने अशा एकात एक बसवलेल्या करंडकांची मालिका निघाली. सर्वांत आतील सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे तुकडे होते. ते बुद्धांच्या भिक्षापात्राचे मानून तेथे ठेवले गेले असावेत. भोवती बुद्धांच्या व मैत्रेयाच्या लहान मूर्ती मांडलेल्या होत्या. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आला. सोन्याच्या डबीत मातीचे खापर, हा क्रम बरेच काही सांगून जातो.

असे ठेवे वसाहतकाळात देशाबाहेर गेले आणि त्यांच्या मालकीचा वाद आजही संपलेला नाही. उत्तर प्रदेशातील पिप्रहवा येथे विल्यम पेपे यांनी जानेवारी १८९८ मध्ये स्तूप खणला. त्यात ब्राह्मी लेख असलेला करंडक, अस्थी आणि शेकडो रत्ने मिळाली. अस्थींचा भाग सयामच्या राजाला देण्यात आला आणि रत्नांचा एक हिस्सा पेपे कुटुंबाकडे राहिला. मे २०२५ मध्ये ही रत्ने हाँगकाँग येथे लिलावात निघाली तेव्हा भारत सरकारने कायदेशीर नोटीस बजावली. लिलाव थांबला आणि जुलै २०२५ मध्ये मुंबईच्या गोदरेज उद्योगसमूहाच्या साहाय्याने ती भारतात परत आली. अस्थींसोबत ठेवलेली रत्ने ही विक्रीयोग्य वस्तू आहे की पूजनीय अवशेषाचा भाग, हा या प्रकरणातील कळीचा मुद्दा होता. पुरणाऱ्यांच्या दृष्टीने त्यांत भेद नव्हता.

रोमचे 'कबुतरखाने' आणि युरोपातील बंदी

मध्य युरोपात इ. स. पूर्व १३०० ते ७५० च्या सुमारास दहनोत्तर अस्थी कलशात भरून पुरण्याची पद्धत इतकी रूढ होती की पुरातत्त्वज्ञांनी त्या संस्कृतीला 'कलशक्षेत्र संस्कृती' असेच नाव दिले. प्राचीन ग्रीसमध्ये दहन आणि दफन दोन्ही चालत. होमरच्या इलियड या महाकाव्यात पॅट्रोक्लसच्या अस्थी सोन्याच्या कलशात ठेवल्याचे वर्णन आहे.

रोममध्ये प्रजासत्ताकाच्या अखेरीस व साम्राज्याच्या पहिल्या शतकात दहन हीच सर्वसामान्य रीत होती. बारा फलकांच्या कायद्याने शहराच्या हद्दीत दहन व दफन दोहोंना मनाई केली होती. गुलाम, मुक्त केलेले गुलाम आणि कारागीर यांच्यासाठी भिंतीभर कोनाडे असलेल्या भूमिगत इमारती बांधल्या गेल्या. प्रत्येक कोनाड्यात एक-दोन कलश आणि खाली नावाची पाटी असे. कबुतरांच्या खुराड्यांसारख्या दिसणाऱ्या या वास्तूंना 'कोलंबेरियम', म्हणजे शब्दशः कबुतरखाना, असे नाव पडले. आजही पाश्चात्त्य दफनभूमींत कलश ठेवण्याच्या भिंतीला हाच शब्द वापरतात. ट्रेजन या सम्राटाच्या अस्थी सोन्याच्या कलशात घालून त्याच्या विजयस्तंभाच्या पायथ्याशी ठेवण्यात आल्या होत्या.

दुसऱ्या शतकापासून रोमन अभिजनांत दगडी शवपेट्यांची आवड वाढली. ख्रिस्ती धर्माच्या प्रसाराबरोबर देहाच्या पुनरुत्थानावरील श्रद्धेमुळे दफनाला बळ मिळाले. इ. स. ७८५ च्या सुमारास शार्लमेनने जिंकलेल्या सॅक्सनांसाठी काढलेल्या फर्मानात मृताचे दहन करणाऱ्याला देहदंडाची तरतूद केली. त्यानंतर सुमारे हजार वर्षे पश्चिम युरोपात दहन ही पाखंडाची किंवा शिक्षेची खूण राहिली.

फ्लॉरेन्समधील मराठी चिता

या पार्श्वभूमीवर ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात घडलेली घटना महत्त्वाची आहे. इंग्लंडचा दौरा आटोपून मायदेशी परतणारे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज यांचे तेथे आकस्मिक निधन झाले. त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते. हिंदू पद्धतीने दहन व्हावे असा सोबतच्या मंडळींचा आग्रह होता आणि शहराच्या अधिकाऱ्यांनी विशेष परवानगी दिली. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, कास्चिने उद्यानाच्या टोकाला, चिता रचण्यात आली. संगमाची निवड ही परक्या भूमीतही जपलेली खूण होती. पुढे १८७४ मध्ये तेथे महाराजांच्या अर्धपुतळ्यासह छत्री उभारली गेली. जवळच १९७० च्या दशकात बांधलेला पूल आजही 'भारतीयाचा पूल' या नावाने ओळखला जातो.

युरोपात त्याच सुमारास दहनाचा पुरस्कार करणारी चळवळ मूळ धरत होती. शहरे वाढली होती, दफनभूमी भरल्या होत्या आणि आरोग्याचा प्रश्न गंभीर झाला होता. पादुआचे प्राध्यापक ब्रुनेट्टी यांनी १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात दहनभट्टीचा नमुना मांडला. तो पाहून प्रभावित झालेले व्हिक्टोरिया राणीचे शल्यविशारद सर हेन्री थॉम्पसन यांनी १८७४ मध्ये इंग्लंडमध्ये दहन संस्था स्थापन केली. १८७६ मध्ये इटलीतील मिलान आणि अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील वॉशिंग्टन येथे आधुनिक दाहिन्या सुरू झाल्या.

ब्रिटनमध्ये कायद्याची कोंडी एका विक्षिप्त वैद्याने फोडली. वेल्समधील डॉ. विल्यम प्राइस यांनी १८८४ मध्ये आपल्या तान्ह्या मुलाचे टेकडीवर दहन केले. त्यांच्यावर खटला भरला गेला. इतरांना उपद्रव होत नसेल तर दहन हा गुन्हा नाही, असा निर्वाळा न्यायमूर्ती स्टीफन यांनी दिला. २६ मार्च १८८५ रोजी वोकिंग येथे ब्रिटनमधील पहिले अधिकृत दहन झाले आणि १९०२ मध्ये त्यासंबंधीचा स्वतंत्र कायदा झाला. कॅथलिक चर्चने १९६३ मध्ये दहनावरील बंदी उठवली. २०१६ मध्ये व्हॅटिकनने रक्षा विखुरण्यास वा घरी ठेवण्यास हरकत घेतली आणि ती पवित्र जागीच ठेवावी असे बजावले. २०२३ मध्ये त्यातील अल्प अंश कुटुंबाला महत्त्वाच्या ठिकाणी ठेवू देण्यास मुभा दर्शवण्यात आली. म्हणजे चर्चला अडचण अग्नीची उरली नाही. ती कलशाच्या मुक्कामाची आहे.

पहिल्या महायुद्धात जखमी होऊन ब्रायटनच्या रुग्णालयांत मृत्यू पावलेल्या ५३ हिंदू व शीख सैनिकांचे दहन तेथील टेकड्यांवर झाले. त्या जागी १९२१ मध्ये उभारलेले संगमरवरी स्मारक आजही 'छत्री' या आपल्याच शब्दाने ओळखले जाते. उघड्या चितेचा हक्क मात्र ब्रिटनमधील भारतीयांना न्यायालयात मागावा लागला. दविंदर घई यांच्या प्रकरणात २०१० मध्ये अपील न्यायालयाने, छताला उघडी जागा असलेल्या बांदीव वास्तूत पारंपरिक चिता कायद्याच्या चौकटीत बसू शकते, असा निर्णय दिला.

जपान : पायांपासून डोक्याकडे

दहनाचे प्रमाण ९९ टक्क्यांहून अधिक असलेला जपान हा या बाबतीत जगात आघाडीवर आहे. तेथे इ. स. ७०० मध्ये दोशो या बौद्ध भिक्षूचे झालेले दहन हे पहिले नोंदलेले दहन मानतात. मेजी सरकारने १८७३ मध्ये दहनावर बंदी घातली, पण शहरांत जागा अपुरी पडू लागल्याने ती १८७५ मध्येच मागे घ्यावी लागली.

जपानी नातेवाईक दाहिनीतून निघालेल्या अस्थी काड्यांच्या जोडीने उचलून कलशात ठेवतात. आधी पायांच्या, मग वरच्या आणि सर्वांत शेवटी मानेतील एक विशिष्ट अस्थी ठेवली जाते. मृत व्यक्ती कलशात उलटी उभी राहू नये, हा त्यामागील भाव आहे. आश्वलायनाने सांगितलेला क्रमही पायांपासून डोक्याकडेच जातो. भट्टीतून आलेल्या तुकड्यांच्या राशीत माणूस शोधण्याची ही धडपड दोन्हीकडे सारखी दिसते.

सार्वजनिक कलश

विसाव्या शतकात भारतात अस्थिकलशाला सार्वजनिक जीवनात नवे स्थान मिळाले. महात्मा गांधींच्या अस्थी १२ फेब्रुवारी १९४८ रोजी प्रयाग येथे विसर्जित झाल्या. त्याचबरोबर देशभर कलश पाठवले गेले. परंपरेनुसार ते सर्व पाण्यात जायला हवे होते. तसे झाले नाही. पुण्यातील आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्या समाध्यांजवळ गांधीजींच्या अस्थींचा अंश जतन केला गेला. कटकमधील एका बँकेच्या तिजोरीत राहिलेला कलश बाहेर निघून ३० जानेवारी १९९७ रोजी संगमावर विसर्जित झाला. आणखी एक कलश मुंबईच्या मणिभवनकडे आला आणि ३० जानेवारी २००८ रोजी गिरगाव चौपाटीजवळ समुद्रात विसर्जित करण्यात आला. वस्तुसंग्रहालयात ठेवावा की विसर्जित करावा, यावर त्या वेळी चर्चा झाली आणि कुटुंबीयांनी विसर्जनाचा आग्रह धरला.

पंडित नेहरूंनी १९५४ मधील मृत्युपत्रात मूठभर रक्षा अलाहाबादला गंगेत सोडावी व उरलेली विमानातून देशाच्या शेतांवर विखुरावी, असे लिहून ठेवले होते. त्यामागे धार्मिक हेतू नसल्याचेही त्यांनी स्पष्ट केले होते. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी आपले दहन विद्युतदाहिनीत व्हावे अशी इच्छा नोंदवली होती आणि फेब्रुवारी १९६६ मध्ये मुंबईच्या चंदनवाडी स्मशानभूमीत ती पाळली गेली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यावर ७ डिसेंबर १९५६ रोजी दादर येथे बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. त्यांच्या अस्थी चैत्यभूमीच्या स्तूपात आणि नागपूरच्या दीक्षाभूमीवर जतन करण्यात आल्या. दरवर्षी ६ डिसेंबरला लाखोंचा समुदाय ज्या ठिकाणी जमतो, तेथे मुक्कामाचा कलश आहे. ज्या समाजाला गावच्या सामायिक स्मशानातही जागा नाकारली गेली, त्याने शहराच्या मध्यभागी आपल्या नेत्याच्या अस्थींना कायमचे स्थान दिले. कलश कोठे ठेवायचा हा प्रश्न विधीपुरता मर्यादित नसतो, याचे याहून ठळक उदाहरण महाराष्ट्रात नाही.

काही कलश मात्र वाट पाहत राहिले. क्रांतिकारक श्यामजी कृष्ण वर्मा यांचे १९३० मध्ये जिनिव्हा येथे निधन झाले. भारत स्वतंत्र झाल्यावर अस्थी मायदेशी न्याव्यात म्हणून त्यांनी आपले व पत्नी भानुमती यांचे कलश तेथे जपून ठेवण्याची व्यवस्था केली होती. ते ऑगस्ट २००३ मध्ये भारतात आले. स्वातंत्र्यानंतर त्याला ५६ वर्षे लागली. टोकियोच्या रेंकोजी मंदिरात १९४५ पासून असलेल्या अस्थी नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्याच आहेत काय, याविषयीचा वाद तर चौकशी आयोगांनंतरही मिटलेला नाही.

दाहिनी, नदी आणि आजचे पर्याय

गंगा शुद्धीकरणाच्या १९८० च्या दशकातील पहिल्या कृती आराखड्यात विद्युतदाहिन्यांचा समावेश होता. लाकडाचा वापर आणि अर्धवट जळलेले देह नदीत जाणे थांबावे, हा त्यामागील हेतू. महाराष्ट्रातील शहरांत विद्युत व गॅस दाहिन्या आता अपरिचित राहिलेल्या नाहीत. पारशी समाजातील जे लोक दोखम्याऐवजी दहनाचा पर्याय निवडतात, त्यांच्यासाठी २०१५ मध्ये मुंबईच्या वरळी स्मशानभूमीत प्रार्थनागृह सुरू झाले.

करोनाच्या साथीत २०२० आणि २०२१ मध्ये प्रवासबंदीमुळे देशभरातील स्मशानभूमींत कलश साचून राहिले. अनेकांना आपल्या माणसाच्या अस्थी वेचताही आल्या नाहीत आणि स्वयंसेवकांनी ते काम केले. दहाव्याच्या आत विसर्जन व्हावे हा संकेत त्या काळात नाइलाजाने बाजूला पडला. साथ ओसरल्यावर महिन्यांनंतर केलेले विसर्जनही लोकांनी तितक्याच श्रद्धेने स्वीकारले.

जगभरात नवे पर्याय पुढे येत आहेत. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या इच्छेनुसार त्यांच्या देहावर अग्नीऐवजी क्षारयुक्त उष्ण पाण्याची प्रक्रिया करण्यात आली आणि १ जानेवारी २०२२ रोजी झालेल्या अंत्यविधीनंतर अवशेष केपटाउनच्या कॅथीड्रलमध्ये पुरण्यात आले. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने २०१९ मध्ये देहाचे खत करण्यास कायदेशीर मान्यता दिली. जर्मनीत मात्र कलश घरी ठेवण्यास दीर्घकाळ मनाई राहिली.

परदेशातून अस्थी भारतात आणणाऱ्यांना सामान्यतः मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला आणि मोहोरबंद कलश लागतो. धातूच्या जाड कलशातून क्ष-किरण आरपार जात नसल्याने विमानतळावरील तपासणीत अडचण येऊ शकते. त्यासाठी लाकडी किंवा तत्सम कलश सोयीचा पडतो. प्रत्येक विमान कंपनीचे व देशाचे नियम वेगळे असल्याने आगाऊ चौकशी करणे श्रेयस्कर. नदीत विसर्जन करताना धातूचा कलश, प्लॅस्टिकची पिशवी वा फडके पाण्यात न सोडता केवळ अस्थी सोडाव्यात.  

इनामगावच्या आईने बाळाचे मडके घराच्या जमिनीखाली पुरले. आश्वलायनाने कुंभ कोरड्या जागी झाकायला सांगितला. पुराणांनी तो गंगेकडे पाठवला आणि दादरच्या स्तूपाने पुन्हा मुक्कामी ठेवला. या साऱ्यांपैकी कोणतीही एक रीत हीच खरी आणि बाकीच्या उपऱ्या, असे म्हणण्याला इतिहासात आधार नाही. विसर्जन करावे, झाडाच्या मुळाशी माती द्यावी की जपून ठेवावे, हे ठरवण्याची मुभा त्यामुळे कुटुंबाला उरते. मात्र दुःखाच्या पहिल्या दिवसांत असा निर्णय घेणे अवघड जाते आणि भावंडांत मतभेदही होतात. आपल्यामागे काय व्हावे हे नेहरूंनी आणि सावरकरांनी हयातीतच लिहून ठेवले होते. सामान्य माणसानेही तसे करण्यास हरकत नाही.